ओकेएन टेस्ट पहिल्यांदा करताय? ड्रम हातात घ्यायच्या आधी हे वाचा

ऑप्टोकायनेटिक निस्टॅगमस, म्हणजे सगळे ज्याला ओकेएन म्हणतात ते (सरकती गोष्ट बघताना डोळ्यांचं आपोआप सरकणं आणि परत उडी मारणं), वाचायला एकदम सोपं वाटतं. समोरून पट्टे सरकवा, डोळे हलतील, झालं. पण पोस्टिंगला गेलं की कुणीतरी काळेपांढरे पट्टे असलेला ड्रम हातात देतं आणि म्हणतं, फिरव आणि सांग काय दिसतंय, आणि तेव्हा नेमकं काय बघायचं हेच कळत नाही. मी ही टेस्ट चक्करवाल्या पेशंटवर पण करते आणि तान्ह्या बाळांवर पण, म्हणून नवीन लोकांसाठी सगळं क्रमाने लिहून काढतेय.

एक गोष्ट डोक्यात ठेवून पुढचं वाचा. या टेस्टचं उत्तर तुलनेत असतं. पट्टे उजवीकडे नेले तेव्हा काय झालं आणि डावीकडे नेले तेव्हा काय झालं, हे दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय काहीही अर्थ लावता येत नाही. एका दिशेला डोळे हलले एवढ्यावर जवळजवळ काहीच सांगता येत नाही.

1. आधी नॉर्मल डोळे भरपूर बघा

पेशंटवर जायच्या आधी निरोगी माणसाचे डोळे बघून घ्या. ट्रेनमध्ये खिडकीतून बाहेर बघणाऱ्या माणसाच्या डोळ्यांकडे बघा, हेच दिसतं. बाहेरचा खांब धरून डोळे सावकाश मागे सरकत जातात, मग झटकन पुढे उडी मारून पुढचा खांब पकडतात, परत सरकतात, परत उडी. त्या माणसाला याचा पत्ताही नसतो. सावकाश सरकणं म्हणजे स्लो फेज आणि उडी म्हणजे क्विक फेज. पुर्किंये नावाच्या शास्त्रज्ञाने 19व्या शतकात घोडदळाची परेड बघणाऱ्या लोकांच्या डोळ्यांत हे टिपलं होतं, तेव्हा ना ड्रम होता ना कॅमेऱ्याचा गॉगल.

इथेच पहिला गोंधळ होतो. निस्टॅगमसची दिशा क्विक फेजवरून ठरते. पट्टे पेशंटच्या उजवीकडे चाललेत तर स्लो फेज उजवीकडे, उडी डावीकडे, म्हणून लिहायचं लेफ्ट बीटिंग. आणि उजवं डावं कायम पेशंटचं, आपलं नाही. समोरासमोर बसल्यावर हे हमखास उलटं होतं, म्हणून सुरुवातीला ड्रमच्या दांड्यावर दोन बाण काढून त्यावर "पे. उजवी" आणि "पे. डावी" असं चिकटवून टाका, पेशंटला दिसणार नाही अशा बाजूला.

2. काय काय लागतं

साध्या टेस्टला फार काही लागत नाही:

- पट्ट्यांचा ड्रम, किंवा ड्रम नसेल तर पट्टे असलेली लांब कापडी टेप (आडवी आणि उभी दोन्हीकडे ओढता येते, बॅगेत मावते, मला तर टेपच जास्त आवडते)
- मोजपट्टी किंवा ठरावीक लांबीची दोरी, अंतरासाठी
- एक डोळा झाकायला ऑक्लुडर, बाळांसाठी चिकटणारा पॅच
- पेशंटचा स्वतःचा चष्मा
- घड्याळ
- स्लो मोशन व्हिडिओ घेता येईल असा फोन
- पाणी आणि उलटीची पिशवी (हे विसरू नका)

पेशंटला येताना आणायला सांगायचं: चालू औषधांची यादी किंवा सरळ गोळ्यांची पाकिटंच, चष्म्याचा जुना नंबर, आधीचा एमआरआय किंवा सीटी झाला असेल तर रिपोर्ट, आधीची चक्करची टेस्ट झाली असेल तर तिचं ट्रेसिंग (डोळ्यांच्या हालचालींचा आलेख). बाळ असेल तर जन्माच्या वेळची डिस्चार्जची फाइल, कारण बाळ वेळेआधी जन्मलं का हे कळल्याशिवाय वयाचा हिशोब चुकतो. व्हिडिओ घेणार असाल तर संमतीपत्रावर सही आधी, शूटिंग नंतर.

3. सुरू करायच्या आधी विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न फिट्सचा. काही लोकांना पट्टे किंवा लुकलुकणारा उजेड बघून फिट येऊ शकते, त्यामुळे "कधी फिट आलीये का, टीव्ही किंवा लाइटमुळे कधी काही झालंय का" हे स्पष्ट विचारा, आणि उत्तर हो असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ड्रमला हात लावू नका. दुसरं, गाडी लागते का, मायग्रेन आहे का. या लोकांना पट्ट्यांनी मळमळ लवकर होते, त्यांना फेऱ्या छोट्या द्या.

तिसरं औषधं. झोपेच्या, घबराटीच्या गोळ्या, फिट्सवरच्या काही गोळ्या यांनी डोळ्यांच्या हालचाली मंदावतात, आणि मग दोन्ही दिशांना रिस्पॉन्स कमी येतो आणि नवीन माणूस मेंदूचा आजार शोधत बसतो. गोळी कधी घेतली ते लिहून ठेवा. पण गोळ्या बंद करा असं आपण होऊन कधीच सांगायचं नाही, फिट्सच्या तर मुळीच नाही, ते डॉक्टरांनी ठरवायचं.

4. अंतर आणि वेग, म्हणजे थोडं गणित

हा भाग लोक सोडून देतात आणि मग दोन जणांचे रिझल्ट जुळत नाहीत. एक सोपी युक्ती आहे. डोळ्यापासून 57 सेंटीमीटर अंतरावर 1 सेंटीमीटर म्हणजे साधारण 1 अंश. म्हणून दोरी 57 सेंटीमीटरची कापून ठेवा, डोळ्यापाशी एक टोक, ड्रमपाशी दुसरं, मग पट्टा 2 सेंटीमीटर रुंद असेल तर तो 2 अंशांचा झाला.

वेगाचं पण तसंच. समजा ड्रमचा व्यास 16 सेंटीमीटर आहे, म्हणजे घेर जवळपास 50 सेंटीमीटर. एक फेरी 2 सेकंदांत झाली तर समोरचा पृष्ठभाग सेकंदाला 25 सेंटीमीटर सरकतोय, म्हणजे 57 सेंटीमीटरवर सेकंदाला साधारण 25 अंश. तोच ड्रम त्याच वेगाने फिरवत 30 सेंटीमीटरवर आणलात तर वेग जवळजवळ दुप्पट होतो, 45 ते 50 अंशांच्या घरात जातो. हाताने फिरवताना बहुतेक जण घाईत ड्रम भिंगरीसारखा सोडतात आणि मग डोळ्यांना तो पकडताच येत नाही, पट्टे राखाडी धुरकट दिसायला लागतात. सेकंदाला 20 ते 30 अंश हा शिकताना चांगला वेग आहे. 60 अंशांच्या पुढे नॉर्मल माणसाचे डोळे पण मागे पडायला लागतात.

5. पेशंटला काय सांगायचं (सगळ्यात महत्त्वाचं)

याच्यावर थोडं जास्त लिहिते कारण अर्धी टेस्ट इथेच बनते नाहीतर बिघडते.

पेशंटला "पट्टे मोजा" म्हटलं तर तो एकेक पट्टा धरून शेवटपर्यंत पाठलाग करतो, डोळे लांबपर्यंत जातात, उड्या कमी पण मोठ्या येतात. हे खरं तर पाठलाग करायची क्षमता तपासणं झालं, म्हणजे परस्यूट. त्याच माणसाला "समोर बघत राहा, पट्टे जाऊ देत, पण धुरकट होऊ देऊ नका" म्हटलं की हालचाल बारीक होते, उड्या छोट्या आणि भराभर येतात. हा प्रकार रिफ्लेक्सच्या जास्त जवळचा. दोन्ही उपयोगाचे आहेत. पण उजवीकडच्या फेरीला एक सूचना आणि डावीकडच्या फेरीला दुसरी असं झालं तर दोन बाजूंत फरक दिसेल आणि तो पेशंटचा नसेल, आपण दिलेल्या शब्दांचा असेल. म्हणून एकच वाक्य ठरवा, कागदावर लिहा, प्रत्येक फेरीच्या आधी तेच बोला, आणि रिपोर्टमध्ये कुठली सूचना दिली ते नोंदवा.

वयस्कर पेशंट असतील तर आणखी एक करा. "आजोबा, नवीन काळा पट्टा समोर आला की हं म्हणा." हं, हं, हं असा आवाज येत राहिला की लक्ष टिकून आहे हे कळतं, आवाज थांबला की समजायचं नजर शून्यात गेली. अर्थात मग ही मोजण्याचीच सूचना झाली, तर दुसऱ्या दिशेला पण हं म्हणायला लावायचं.

डोकं स्थिर हवं. बरेच जण पट्ट्यांबरोबर मान फिरवतात, विशेषतः मुलं. हनुवटी टेकवायला स्टँड नसेल तर नातेवाईकाला मागून डोकं हलकेच धरायला सांगा.

6. आता फिरवा, आणि ड्रमकडे बघू नका

नवीन माणूस स्वतःच पट्टे बघत बसतो! आपण पेशंटच्या डोळ्यांकडे बघायचं असतं. त्यातही बुबुळाकडे बघण्यापेक्षा पांढऱ्या भागावरची एखादी लाल बारीक शीर निवडा आणि तिच्यावर नजर ठेवा. ती शीर हळू सरकते आणि टक्कन मागे येते, अगदी छोटी हालचाल पण अशी पकडता येते.

क्रम साधारण असा ठेवा: दोन्ही डोळे उघडे ठेवून उजवीकडे, थोडा थांबा, डावीकडे, थोडा थांबा, मग वर, मग खाली. प्रत्येक दिशेला 15 ते 20 सेकंद पुरतात. गरज वाटली तर मग एकेक डोळा झाकून. प्रत्येक वेळी तीन गोष्टी मनात विचारा: स्लो फेज पट्ट्यांबरोबर येतोय का, क्विक फेज झटकन येतोय की ओढल्यासारखा, आणि दोन्ही डोळे एकाच वेळी एकाच वेगाने उडी मारतायत का.

तिसरा प्रश्न बरेच जण विचारतच नाहीत. एक डोळा नाकाकडे यायला आळस करतोय आणि दुसरा बरोबर उडी मारतोय असं दिसलं तर ते आयएनओ म्हणजे इंटरन्युक्लिअर ऑफ्थॅल्मोप्लेजियाचं (दोन्ही डोळे जोडीने हलवणाऱ्या मेंदूतल्या वाटेच्या दोषाचं) लक्षण असू शकतं, आणि साध्या "बोटाकडे बघा" तपासणीत सुटलेला हलका दोष पट्ट्यांवर उघडा पडतो कारण इथे उड्या परत परत माराव्या लागतात.

फोनवर शूट करताना स्लो मोशन लावा. उडी सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास संपते, साध्या 30 फ्रेमच्या व्हिडिओत ती एकदोन फ्रेममध्येच आटपते आणि मंद आहे की नाही काही कळत नाही.

7. बाळ असेल तर

बाळांसाठी ही टेस्ट खरंच छान आहे, कारण बाळाला काही बोलावं लागत नाही. पोट भरलेलं, झोप झालेली, आईच्या मांडीवर. पट्टे जवळ आणा, 30 सेंटीमीटरच्या आसपास, आणि आईला सांगा की "तुम्ही बोलू नका, हलवू नका", कारण आई बोलली की बाळ तिच्याकडेच बघणार. काही सेकंदांचाच वेळ मिळतो, तेवढ्यात बघून घ्यायचं.

एक डोळा झाकून बघताना नवीन लोक घाबरतात. अगदी लहान बाळाचा एकच डोळा उघडा असेल तर पट्टे कानाकडून नाकाकडे नेल्यावर रिस्पॉन्स छान येतो आणि नाकाकडून कानाकडे नेल्यावर कमी येतो किंवा येतच नाही. पहिले काही महिने हे नॉर्मल आहे, साधारण सहा महिन्यांपर्यंत दोन्ही बाजू सारख्या व्हायला लागतात. ज्यांना तान्हेपणीच तिरळेपणा आलाय त्यांच्यात मात्र हा फरक मोठेपणी पण राहतो. दिशा मनात नीट बसवा, उजवा डोळा उघडा असेल तर कानाकडून नाकाकडे म्हणजे पट्टे बाळाच्या डावीकडे चाललेत.

रिस्पॉन्स नाही आला तर लगेच आईसमोर "दिसत नाही वाटतं" असं काही बोलू नका, प्लीज. झोपाळलेलं, चिडलेलं, भुकेलेलं बाळ पट्टे बघतच नाही. दुसऱ्या वेळेला बोलवा.

8. "मला काहीच दिसत नाही" म्हणणारा पेशंट

तपासणीत सगळं ठीक आहे पण पेशंट म्हणतो या डोळ्याने काळाकुट्ट अंधार आहे, अशा वेळी ओकेएन उपयोगी पडते. चांगला डोळा नीट झाका (बोटांच्या फटीतून बघणार नाही असा), पट्टे फिरवा, डोळा पट्ट्यांमागे गेला की निदान काहीतरी दिसतंय हे नक्की.

पण किती दिसतंय? 57 सेंटीमीटरवर 1 सेंटीमीटरचा पट्टा म्हणजे 1 अंश, म्हणजे 60 मिनिटं (घड्याळाची नाही, कोनाची, 1 अंशाचे 60 भाग). 6/6 म्हणजे नॉर्मल नजरेचा हिशोब 1 मिनिटावर असतो. म्हणजे निव्वळ गणिताने हा पट्टा 6/360 एवढ्या कमी नजरेला पण दिसू शकतो. तेव्हा डोळा हलला यावरून "नजर चांगली आहे" असं लिहिणं चूक. आणि उलटं पण चूक, डोळा हलला नाही म्हणजे आंधळा असंही नाही, कारण माणूस ड्रमच्या पलीकडे लांब बघून किंवा नजर मुद्दाम धूसर करून रिस्पॉन्स दाबू शकतो. असा संशय आला तर मोठा आरसा वापरा. चेहऱ्यासमोर धरून हळूहळू वाकडा तिकडा करा, सगळं दृश्यच हलत असल्यामुळे ते दाबणं फार अवघड जातं.

अशा पेशंटशी बोलताना सूर सांभाळा. यातले बरेच लोक खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच दिसत नसल्याचा अनुभव येत असतो. "पकडलं तुम्हाला" असा चेहरा केलात तर पुढचा उपचारच बंद पडतो.

9. गॉगल आणि मशीनवर करताना

इन्फ्रारेड कॅमेऱ्याच्या गॉगलवर आकडे मिळतात, पण आधी कॅलिब्रेशन, म्हणजे डोळा किती हलला की किती अंश हे मशीनला शिकवणं. ते चुकलं तर पुढचे सगळे आकडे गेले. काजळ, मस्कारा पुसायला लावा, कॅमेरा काळ्या पापण्यांनाच बाहुली समजतो. पापणी अर्धी मिटत असेल तर टेप लावून वर धरा.

मुख्य आकडा गेन. डोळ्यांच्या स्लो फेजचा वेग भागिले पट्ट्यांचा वेग. पट्टे सेकंदाला 30 अंशांनी चाललेत आणि डोळे 24 ने, तर गेन 0.8. वेग वाढवला की गेन कमी होणार, वयाने पण कमी होतो, म्हणून आपल्या लॅबचे नॉर्मल आकडे कुठल्या वेगाला कुठल्या वयात काय आहेत ते भिंतीवर लावून ठेवा.

आता स्क्रीनबद्दल. खऱ्या ओकेएनसाठी पट्ट्यांनी जवळजवळ सगळं दृष्टिक्षेत्र भरलं पाहिजे. छोट्या स्क्रीनवर, टॅबवर किंवा हातातल्या ड्रमवर जे मिळतं त्यात परस्यूटचा वाटा मोठा असतो. ते निरुपयोगी नाही, पण रिपोर्टमध्ये स्टिम्युलस कुठला होता, म्हणजे पट्टे कशावर दाखवले, ते लिहायलाच हवं. पूर्ण खोलीभर पट्टे फिरवले की पेशंटला वाटतं आपणच फिरतोय, तेव्हा घाबरू नका, तसंच व्हायला हवं. खुर्चीचे हात धरायला आधीच सांगून ठेवा. आणि त्यानंतर एकदम अंधार केला तर डोळे काही सेकंद त्याच दिशेने हलत राहतात, त्याला आफ्टर निस्टॅगमस म्हणतात, तो फक्त पूर्ण अंधारातच नीट दिसतो, मशीनचा एखादा छोटा लाइट चालू राहिला तरी नजर त्यावर अडकून तो दबतो.

अ‍ॅप वापरणाऱ्यांसाठी मोठा सापळा सांगते. 60 हर्ट्झच्या स्क्रीनवर पट्टे सेकंदाला 60 अंशांनी फिरवले तर दर फ्रेमला ते 1 अंश सरकतात. काळा पट्टा 1 अंश आणि पांढरा 1 अंश असेल तर 1 अंश सरकल्यावर काळ्याच्या जागी पांढरा आणि पांढऱ्याच्या जागी काळा येतो, मग पट्टे डावीकडे चाललेत की उजवीकडे हे डोळ्यांना ठरवताच येत नाही, नुसती लुकलुक होते. पट्टे रुंद घ्या, 5 अंशांचे घ्या, हा प्रश्नच उरत नाही.

10. असमान आलं तर काय, आणि रिपोर्टमध्ये काय लिहायचं

निदान करणं आपलं काम नाही, पण काय दिसलं तर डॉक्टरांना लगेच दाखवायचं हे माहीत हवं:

- पट्टे एका बाजूला नेल्यावरच रिस्पॉन्स कमी, आणि पेशंटला विरुद्ध बाजूचं अर्धं दृष्टिक्षेत्र दिसत नाही: पट्टे ज्या बाजूला नेल्यावर कमी आलं त्या बाजूच्या पराएटल भागाचा (मेंदूचा वरचा मागचा भाग) विचार होतो. अर्धं क्षेत्र गेलंय पण ओकेएन दोन्हीकडे सारखी असेल तर ऑक्सिपिटल भागाकडे (मेंदूचा अगदी मागचा भाग) लक्ष जातं.
- पट्टे खाली नेल्यावर वरच्या उडीऐवजी दोन्ही डोळे नाकाकडे ओढले जाऊन आत खेचल्यासारखे होतात: मिडब्रेनच्या (मेंदूच्या देठाचा वरचा भाग) मागच्या भागाचा त्रास, हे लगेच कळवा.
- वर खाली नेताना उड्या येतच नाहीत, डोळे पट्ट्यांबरोबर जाऊन कडेलाच अडकतात, आडवं मात्र बरं आहे: वयस्कर, वारंवार तोल जाऊन पडणाऱ्या पेशंटमध्ये याला महत्त्व आहे.
- निस्टॅगमस उलट्याच दिशेला येतोय: जन्मापासून निस्टॅगमस असलेल्यांमध्ये असं होऊ शकतं, आधी ड्रम न फिरवता नुसते डोळे बघितले होते का ते तपासा.

शेवटच्या मुद्द्यावरून लक्षात येईल की पट्टे दाखवायच्या आधी स्थिर नजरेत डोळे आपोआप हलतायत का हे बघून लिहून ठेवणं का गरजेचं आहे. आधीच एका बाजूला निस्टॅगमस असेल तर तो ओकेएनमध्ये एका दिशेला मिसळतो, दुसऱ्या दिशेला वजा होतो, आणि खोटीच असमानता दिसते.

फरक दिसला की लगेच लिहू नका. पेशंटला दोन मिनिटं आराम द्या, मग क्रम उलटा करून परत करा, आधी डावीकडे, मग उजवीकडे. थकव्यामुळे किंवा लक्ष उडाल्यामुळे आलेला फरक असेल तर तो नाहीसा होतो नाहीतर बाजू बदलतो. खरा फरक त्याच बाजूला राहतो.

रिपोर्टमध्ये एवढं हवंच: स्टिम्युलस कुठला, अंतर, पट्ट्याची रुंदी, अंदाजे वेग, दिलेली सूचना, चष्मा होता की नव्हता, घेतलेली औषधं, आणि प्रत्येक दिशेचा रिस्पॉन्स वेगळा. "ओकेएन पॉझिटिव्ह" असे दोन शब्द लिहून मोकळं होऊ नका, त्यातून पुढच्या माणसाला काहीच कळत नाही.

11. टेस्ट संपल्यावर

पेशंटला लगेच उठवू नका. समोरच्या भिंतीवर एखादी स्थिर खूण दाखवून तिच्याकडे बघत पाच मिनिटं बसवा, पाणी द्या. मायग्रेनवाल्यांना त्रास तासाभराने पण सुरू होऊ शकतो, त्यांना हे सांगून ठेवा आणि त्या दिवशी स्वतः गाडी चालवत जाऊ नका म्हणा, सोबत कुणी नसेल तर बरं वाटेपर्यंत तिथेच बसू द्या.